फावडं घेऊन आलेले पाहुणे

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या महागाव तालुक्यातलं गाव. पुढे पैनगंगेचं खोरं, आणि नदी ओलांडली की मराठवाडा. या पट्ट्यात कान उघडे ठेवून फिरलं तर वऱ्हाडी मराठीच्या जोडीला बंजारा तांड्यांवरची गोरमाटी ऐकू येते, मोहल्ल्यातली दखनी उर्दू ऐकू येते. डोंगराच्या कुशीला आंध आदिवासींची वस्ती आहे. जमीन काळी, पीक कापसाचं, त्यात तुरीच्या ओळी, आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन.

या कापसानं जग केव्हाच पाहिलं आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्यामागे कापसाचा मोह होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची रेल्वे कापूस वाहायला धावू लागली. लोक तिला प्रेमानं ‘शकुंतला’ म्हणत. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. यवतमाळचा कापूस मँचेस्टरला गेला, मँचेस्टरचं इंजिन यवतमाळला आलं. मात्र ज्या बाईनं कापूस वेचला आणि ज्या कामगारानं इंजिन घडवलं, त्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

माणसांनी माणसांना भेटावं, एकमेकांच्या घरी राहावं, एकमेकांचं काम हाती घ्यावं, यासाठी कोणीतरी संस्था उभारावी लागते. अशी एक संस्था युरोपातल्या युद्धाच्या राखेतून उभी राहिली आणि चौतीस वर्षांनी विदर्भातल्या एका खडकाळ माळावर येऊन पोचली. फुलसावंगीहून पूर्वेला जिल्हा ओलांडत जावं, वणी मागे टाकावी, वर्धा नदी पार करावी, की चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा लागतं. तिथे १९५४ मध्ये घडलेली हकिगत मुळात देशादेशांच्या मैत्रीची होती. तिचा खरा परिणाम मात्र एका गावावर आणि त्या गावानं बाहेर काढलेल्या माणसांवर झाला.

पिएर सेरेझोल हा स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातला इंजिनिअर. जन्म १८७९ चा. वडील पॉल सेरेझोल १८७३ मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. घरात पैसा होता, मान होता. पिएरनं वारशानं आलेली संपत्ती सरकारला देऊन टाकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी कर भरायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, हॉलंडमधल्या बिल्टहोवन गावी निरनिराळ्या देशांतले शांततावादी जमले, तेव्हा सेरेझोल त्यांच्या कामाचा चिटणीस झाला. चर्चा होत होत्या, ठराव होत होते. युद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतली माणसं प्रथमच एका खोलीत बसत होती. सेरेझोलला एवढं पुरेसं वाटलं नाही. जे मोडलं ते हातानं परत बांधावं, आणि ज्यांनी मोडलं त्यांनीही बांधायला यावं, असं त्याचं म्हणणं होतं.

१९२० च्या नोव्हेंबरात तो मूठभर सोबती घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या एका खेड्यात गेला. १९१६ मध्ये व्हर्दनला महिनोन्‌महिने लढाई चालली होती आणि आसपासची गावं नकाशावरून पुसली गेली होती. तुकडीनं मातीचे ढिगारे उपसले, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले, रस्ता नीट केला, परतून येणाऱ्या कुटुंबांसाठी लाकडी घरं उभी केली. तुकडीत जर्मनही होते. कालच्या शत्रूनं आपल्या शेतात फावडं चालवावं, हे तिथल्या सगळ्यांना रुचणारं नव्हतं. वसंतात, म्हणजे १९२१ च्या एप्रिलमध्ये, काम थांबवावं लागलं. जेमतेम पाच महिने चाललेली ही छावणी म्हणजे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचा जन्म. ज्याला जग आज ‘वर्क कॅम्प’ म्हणतं आणि मराठीत जे ‘श्रमशिबिर’ झालं, त्याचीही ही एक सुरुवात.

संस्थेची रीत साधी होती. स्वयंसेवकाला मजुरी नाही, फक्त जेवण आणि झोपायला जागा. काम खरं असलं पाहिजे, दाखवण्यापुरतं नको. गावाला जे हवं असेल तेच करायचं, आणि स्थानिक मजुराची रोजी हिरावली जाईल असं काही करायचं नाही. भाषा येत नसली तरी चालेल. दगडांची साखळी लावून हातोहात देताना भाषा फारशी लागत नाही. १९२७ मध्ये ऱ्हाईन नदीच्या पुरानं लिश्टनस्टाइन हा चिमुकला देश गाळात गेला. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या देशांतले सातशेहून अधिक स्वयंसेवक तिथे गाळ उपसायला आले. व्हर्दनला मूठभर असलेली माणसं आठ वर्षांत शेकड्यांत गेली होती.

डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषद आटोपून परतताना स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे पाच दिवस थांबले. त्या मुक्कामात सेरेझोल आणि गांधीजी भेटले. दोन वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ ला, बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य उभं राहिलं. सेरेझोल स्वतः जाऊन पाहणी करून आला, परत गेला, आणि वर्ष सरण्याआधी सोबत्यांसह पुन्हा दाखल झाला. भूकंपानं जमीन खचली होती, नद्यांचं पाणी गावांत शिरत होतं. मुजफ्फरपूरकडच्या भागात उंचवट्यावर नवी गावं वसवायचं काम या पथकानं अंगावर घेतलं. १९३७ पर्यंत ते चाललं. पन्नाशी ओलांडलेला स्विस इंजिनिअर बिहारच्या उन्हात टोपलं वाहतो आहे, हे दृश्य त्या काळच्या हिंदुस्थानाला नवं होतं. गोरा माणूस मालक म्हणून, साहेब म्हणून, फार तर पाद्री म्हणून ठाऊक होता. मजूर म्हणून तो प्रथमच समोर येत होता.

आपल्याकडे मात्र हातानं काम करून माणसं जोडण्याची वाट परकी नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव जात होते. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, हा त्यांचा क्रम. सेरेझोलनं गाडगेबाबांचं नाव ऐकलं नसेल, बाबांनीही त्याचं. तरीही विदर्भातल्या खेडुताला फावडं घेऊन आलेला पाहुणा ओळखीचा वाटावा, याची तयारी इथल्या मातीत आधीच झालेली होती.

दरम्यान वर्ध्याच्या आसपास जगाची ये-जा सुरू झाली होती. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला राहायला गेले. तेच गाव पुढे सेवाग्राम झालं. वर्धा ते शेगाव ही कच्ची वाट तुडवत जपानी भिक्खू आले, पोलिश इंजिनिअर आला, इंग्रज शिक्षिका आल्या. गांधीजींना जगभरच्या शांततावाद्यांची एक बैठक हिंदुस्थानात घ्यायची होती. ती होण्याआधीच त्यांची हत्या झाली. अखेर डिसेंबर १९४९ मध्ये ही जागतिक शांततावादी परिषद भरली. पहिला भाग शांतिनिकेतनला, मग पाहुण्यांनी लहान लहान गटांनी देशभर फिरायचं, आणि वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा सेवाग्रामला जमायचं, अशी योजना होती. तीसहून अधिक देशांतले लोक आले. इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या, दक्षिण आफ्रिकेतून मणिलाल गांधी होते. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाचे कृष्णवर्णी अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सनही याच सुमारास भारतात येऊन गेले. परत गेल्यावर १९५० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात गांधीजींविषयी व्याख्यान दिलं. श्रोत्यांत धर्मशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी होता, मार्टिन ल्यूथर किंग. त्या व्याख्यानानं झपाटून जाऊन त्यानं गांधीजींवरची पुस्तकं विकत घेतली.

पुढे इतिहासाला वळण देणारं असं बरंच काही त्या काळात वर्ध्याच्या परिसराशी जोडलं गेलं. मात्र हे सगळे पाहुणे आश्रमात येत होते आणि आश्रमातूनच परत जात होते. शेजारच्या तालुक्यातला शेतकरी त्यांना लांबून पाहत होता.

त्याच्या गावात तेव्हा वेगळीच सीमा आखलेली होती. गावकुसाबाहेरची ही सीमा त्याला रोज दिसत होती, आणि तिच्या पलीकडे कोणी परदेशी राहत नव्हतं.

महारोग, रक्तपिती अशा नावांनी विदर्भात कुष्ठरोग ओळखला जाई. चट्टे दिसले की कुजबुज सुरू व्हायची. बोटं झडू लागली की माणूस घरातून गोठ्यात, गोठ्यातून वेशीबाहेर आणि वेशीबाहेरून रस्त्यावर जायचा. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेननं या रोगाचा जंतू शोधला होता, पण त्यानं भीती कमी झाली नाही. १८९८ च्या कायद्यानं तर भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून डांबायची सोय केली. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. १९३९ मध्ये संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री अंगभर रोग घेऊन सेवाग्रामच्या दारात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. अमरावतीला १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. काम चालू झालं होतं, पण ते वस्तीपासून दूर होतं. गावानं रुग्णाला परत घेतलं, असं अजून कुठे घडलं नव्हतं.

मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे हे वरोऱ्यातले जमीनदार घरचे वकील. नगरपालिकेत असताना सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून त्यांनी मैला वाहून पाहिला. एके दिवशी पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. आयुष्यात कशाला न भ्यायलेला हा माणूस त्या दृश्यानं हादरला आणि पळाला. आपण घाबरलो, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामची त्याच्या मृत्यूपर्यंत शुश्रूषा केली. मग कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेण्याचीही तयारी दाखवली. १९४९ मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारनं पन्नास एकर जमीन दिली: मुरमाड, झुडपी, विंचू-सापांची. बाबा, पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, चार कुत्री आणि चौदा रुपये, एवढ्यावर संसार मांडला गेला. तेलंगणातून पौनारकडे परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते २१ जून १९५१ ला आनंदवनाचं उद्घाटन झालं.

पहिली विहीर रुग्णांनीच खणली. झिजलेल्या हातांत पहार टिकत नाही, हाताला जखम झाली तरी ती कळत नाही, कारण बधिरपणा हेच या रोगाचं लक्षण. तरी पाणी लागलं. पाणी लागल्यावर माळावर भाजी पिकली. दोन-तीन वर्षांत आनंदवनाला पुरून उरेल इतकी पिकली, आणि मग अडचण उभी राहिली. वरोऱ्याच्या बाजारात ती कोणी घेईना. वांगं तेच, टमाटर तेच, पालेभाजीची जुडीही तशीच, पण ती महारोग्यांच्या हातची. ज्या माणसाला गावानं बाहेर काढलं, त्याच्या हातचं पिकलेलंही गावानं बाहेरच ठेवलं.

१९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची छावणी आनंदवनात आली. पिएर ऑप्लिगर हा तिचा प्रमुख. सुमारे पन्नास तरुण आणि तरुणी, आणि आनंदवनाच्या आठवणीत कायमचा राहिलेला आकडा म्हणजे ३६ देश. तीन महिने ती माणसं तिथे राहिली आणि रुग्णांच्या बरोबरीनं रुग्णालयाच्या पक्क्या इमारती उभ्या केल्या. तोवर आनंदवन म्हणजे कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर होतं. विटांनी बांधलेली पहिली भिंत परदेशांतून आलेल्या हातांनी आणि समाजानं टाकून दिलेल्या हातांनी मिळून रचली.

या रचण्यात कोणी कोणाचा उपकारकर्ता नव्हता, आणि सेरेझोलनं व्हर्दनला जी रीत घालून दिली तिचं मर्म तेच होतं. दान देणारा येतो, फिरून पाहतो, धनादेश देतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. शिबिरार्थी सकाळी उठून घमेलं उचलतो. गारा कालवायचा, विटा भिजवायच्या, ओळंब्यानं भिंत सरळ आहे का पाहायचं, या कामांत ज्याला येतं तो शिकवतो आणि ज्याला येत नाही तो शिकतो. आनंदवनातल्या रुग्णांना तोवर दुसऱ्यांकडून दोनच गोष्टी ठाऊक होत्या, हिडीसफिडीस आणि दया. खांद्याला खांदा लावून काम करणारा सोबती त्यांना प्रथमच मिळाला. दुपारी सगळे एका पंगतीला बसत. ताटात असे ती आनंदवनातच पिकलेली भाजी.

बातमी वरोऱ्यात पोचायला वेळ लागला नाही. महारोग्यांच्या वस्तीत गोरी पोरं राहतात, चिखल तुडवतात, आणि पोरीही त्यांच्याबरोबर काम करतात, ही गोष्ट तालुक्याच्या गावाला पाहायला जावी अशीच होती. लोक येऊ लागले. आधी लांबून, मग कुंपणाशी, मग आत. आले ते परदेशी पाहायला, आणि पाहून गेले ते आनंदवन. झोपड्या स्वच्छ होत्या, शेत हिरवं होतं, माणसं हसत होती. परदेशी तरुण रुग्णांनी पिकवलेलं खात होते आणि धडधाकट होते. आनंदवनात आजही सांगतात की वरोऱ्यानं आनंदवनाची भाजी विकत घ्यायला सुरुवात केली ती त्यानंतर.

या घटनेत एक अवघड जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. बाबा आमटे, साधनाताई आणि त्यांची मुलं तीन वर्षं तेच अन्न खात होती. त्यांना काही झालेलं नव्हतं. वरोऱ्याच्या लोकांना ते दिसत होतं, पण पटत नव्हतं. पटलं ते गोऱ्यांनी खाल्ल्यावर. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती, साहेब देश सोडून गेला होता, तरी साहेबाच्या कातडीवरचा विश्वास गेला नव्हता. गोरा माणूस जे खातो ते निर्धोक, असं मनात कुठेतरी धरलेलं होतं. सेरेझोल ज्या उच्चनीचतेच्या विरोधात फावडं घेऊन उभा राहिला, तिच्याच उरलेल्या सावलीनं इथे काम केलं. इतिहासात चांगल्या गोष्टी अशा तिरक्या वाटेनंही घडतात, आणि ती वाट नोंदवून ठेवायला हवी.

पण तेवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. परदेशी पाहुणे तीन महिन्यांनी निघून गेले आणि दार उघडंच राहिलं. भाजी घेणारा पुढे दूध घेऊ लागला. १९६४ मध्ये आनंदवनाच्या परिसरात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं, आणि वरोऱ्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलामुलींनी रोज सकाळी पुस्तकं घेऊन आनंदवनात जायला सुरुवात केली. दहा वर्षांपूर्वी ज्या माळाकडे पाहायलाही आईबाप नको म्हणत, त्याच माळावर ते आता लेकरांना शिकायला पाठवत होते. ज्या रुग्णांना गावानं शिक्षणासकट सगळ्याला मुकवलं, त्यांच्या घामानं गावाला कॉलेज मिळालं.

छावणीचा साचाही मागे राहिला. १९६७ मध्ये बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू केला आणि तिथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरू लागली. विदर्भातला मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात. त्या उन्हात महाराष्ट्रभरातली कॉलेजची पोरं पहाटे उठून बांध घालायला जायची, दुपारी व्याख्यानं ऐकायची, रात्री गाणी म्हणायची. रीत तीच: मजुरी नाही, काम खरं, पंगत एक. मराठी सार्वजनिक जीवनात पुढे काम केलेल्या कितीतरी जणांच्या आयुष्याचं वळण या छावणीतून गेलं. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले. तिथल्या दवाखान्याच्या बांधकामाला ‘स्विसएड’ या संस्थेनं मदत केली. सेरेझोलच्या देशाशी जुळलेला धागा असा पुन्हा एकदा विदर्भात दिसतो.

छावणीची ही चाल सरकारनंही उचलली. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्यामागे इतरही प्रेरणा होत्या: गांधीजींचा विद्यार्थ्यांना केलेला आग्रह, साने गुरुजींच्या सेवा दलाची पथकं, शिक्षण आयोगाच्या शिफारशी. पण दत्तक घेतलेल्या खेड्यात सात दिवस मुक्काम, शाळेच्या वर्गात पथारी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य, हा जो क्रम आज प्रत्येक ‘एनएसएस’च्या विद्यार्थ्याला पाठ असतो, त्यात व्हर्दनच्या छावणीचं रूप ओळखू येतं. यवतमाळ, पुसद, उमरखेड, महागाव या भागातल्या कॉलेजांची पोरं शोषखड्डे खणतात किंवा नाल्यावर वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या पोत्यांत माती भरतात, तेव्हा ती शंभर वर्षांच्या एका परंपरेत उभी असतात.

ही वाट एकाच दिशेनं चालली, असंही नाही. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. कबड्डी तेव्हा जगानं प्रथम पाहिली. १९५५ मध्ये मोझरीच्या गुरुकुंजाचे तुकडोजी महाराज जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले, आणि वऱ्हाडातल्या भजनाची खंजिरी परदेशात पोचली. अमरावती जिल्ह्यातल्याच पापळचे पंजाबराव देशमुख हे ऑक्सफर्डला वैदिक साहित्यावर प्रबंध लिहून आलेले शेतकऱ्याचे पुत्र. केंद्रात कृषिमंत्रिपद सांभाळताना त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. देशातल्या शेतकऱ्यानं परदेशातली यंत्रं, बियाणी आणि शेतकरी यांना एका मैदानात पाहावं, हा त्यामागचा विचार होता. या सगळ्या मोठ्या घटना. त्यांची छायाचित्रं छापून आली, त्यांच्यावर लेख लिहिले गेले.

वरोऱ्याच्या बाजारातल्या त्या पहिल्या विक्रीचं छायाचित्र कुठे नाही. कोणत्या बाईनं आनंदवनाच्या टोपलीत पहिल्यांदा हात घातला, तिनं काय उचललं, भाव केला की मागितले तेवढे पैसे दिले, कोणी लिहून ठेवलं नाही. तिच्या त्या कृतीच्या बऱ्याच नंतर कायदा बदलला. बहुविध औषधोपचारानं कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून सिद्ध झालं. तरी १८९८ चा कायदा संसदेनं रद्द केला २०१६ मध्ये, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून विवाह कायद्यांतून वगळलं गेलं २०१९ मध्ये. वरोऱ्यातल्या त्या बाईनं आपल्या पिशवीत आनंदवनाची वांगी घेतली, तेव्हा संसदेला तिथे पोचायला अजून साठहून अधिक वर्षं होती. ती पिशवी घेऊन ती घरी गेली असेल, चूल पेटवली असेल, आणि तिच्या लेकरांनी त्या रात्री पोटभर जेवून झोप घेतली असेल.